पाणकणीस की नुसते ‘गवत’?

जमिनीच्या एका वादात आमच्यासमोर आलेल्या पंचनाम्यात ‘जागेवर उंच गवत आहे’ एवढीच नोंद होती. आम्ही स्वतः पाहणीस गेलो तेव्हा ऐन मे महिन्यातही घोट्यापर्यंत चिखल होता आणि पुरुषभर उंचीच्या पात्यांतून तपकिरी कणसे डोकावत होती. ते पाणकणीस होते. कन्नडमधील ‘जंबू हुल्लु’ हे नाव पंचनामा लिहिणाऱ्यास सुचले नाही, आणि आमच्या पक्षकाराने उच्चारलेला ‘पाणकणीस’ हा शब्द कोणी टिपून घेतला नाही.

वास्तविक ओळख अवघड नाही. लव्हाळ्याचा दांडा तिधारी असतो. देवनळाला बांबूसारखी पेरे आणि शेंड्याला पिसाऱ्यासारखा तुरा असतो. पाणकणसाची पट्ट्यासारखी लांब पाती मात्र बुडापासूनच उठतात, दांडा बिनपेरांचा सरळ असतो आणि त्यावर बाजरीच्या कणसाची आठवण देणारे मखमली कणीस येते. त्याचा खालचा जाड भाग मादीफुलांचा, वरचा बारीक भाग नरफुलांचा. आपल्याकडील नेहमीच्या जातीत या दोहोंमध्ये थोडा उघडा दांडा दिसतो. कणीस पिकले की फुटून त्याचा कापूस उडतो. हा कापूस पूर्वी जखमेवर लावीत. बडोदेकर मराठी मंडळींच्या कानावर असलेले ‘घाबाजरियुं’, म्हणजे घावाची बाजरी, हे गुजराती नाव त्यावरूनच पडले.

हा वनस्पतिशास्त्राचा हौशी वाद नव्हे. पाणकणीस उथळ, साचलेल्या पाण्यात आणि चिखलात वाढते. ‘गवत’ लिहिले की जागा पडीक ठरते व भराव टाकण्यास मोकळी होते. ‘पाणकणीस’ लिहिले की तेथे पाणी मुरते व राहते हे कागदावर येते. पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनी भातशेते, नदीपात्रे आणि पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव व्याख्येतून आधीच वगळले आहेत. उरलेल्या जागा तरी नोंदीअभावी जाऊ नयेत. सांडपाण्याच्या नाल्यातही हे झाड माजते, तेव्हा केवळ त्यावरून जागा नैसर्गिक पाणथळ ठरत नाही, हा प्रतिपक्षाचा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण चौकशीला आरंभ तरी त्या नोंदीने होईल.

आमचा कन्नड नावास विरोध नाही. पंचनाम्यात ‘जंबू हुल्लु’ यावे, ‘पाणकणीस’ यावे आणि ‘टायफा’ हे शास्त्रीय नावही यावे. साक्षीदार ज्या शब्दाने झाड ओळखतो तो शब्द जबाबात त्याच्याच उच्चाराने उतरला पाहिजे. भाषांतर त्यापुढे लिहावे.