गाणं ऐकणाऱ्यांनी लिहिलेलं

मैत्रिणींनो, गाण्याचा विषय निघाला की आपल्यापैकी कितीतरी जणी चटकन म्हणतात, 'छे गं, मला काय त्यातलं कळतंय!' डबे भरता भरता अभंग गुणगुणणारी, भोंडल्याची गाणी तोंडपाठ असणारी बाई असं म्हणते, तेव्हा मला नवल वाटतं. गाणं म्हणजे राग, ताल, घराणं आणि ते कळणारी माणसं पुण्या-मुंबईत राहतात, असं जणू आपण ठरवूनच टाकलंय.

म्हणूनच आज काही लिहिणारी माणसं सुचवते. त्यांच्या पुस्तकांची चर्चा फारशी होत नाही. पण ती गाण्याबद्दल लिहितात ती अगदी मनातलं, स्वतःचं.

पहिले गोविंदराव टेंबे. 'मानापमान' नाटकाच्या (१९११) चाली त्यांच्या, हे बऱ्याच जणींना ठाऊक असेल. पण १९३९ सालचं त्यांचं 'माझा संगीत व्यासंग' किती जणींनी उघडलंय? त्यातला 'माझा' हा शब्द महत्त्वाचा. आधी मनापासून ऐकणं, मग कळणं, हा क्रम टेंब्यांकडून शिकावा.

दुसरे वामनराव देशपांडे. पेशा चार्टर्ड अकाउंटंटचा. दिवसा हिशेब आणि दुसरीकडे मोगूबाई कुर्डीकरांकडे तालीम! घर, नोकरी सांभाळून एखादा छंद जपणाऱ्या आपल्यासारखीला हे वेगळं सांगायला नको. त्यांचं 'घरंदाज गायकी' (१९६१) जरा जड वाटेल. घराण्यांमध्ये सुराला किती महत्त्व आणि लयीला किती, हे त्यात उलगडलंय. सुरुवात 'आलापिनी'पासून करा, त्यात गवयांची माणूस म्हणून ओळख होते.

तिसऱ्या डॉ. प्रभा अत्रे. जानेवारी २०२४ मध्ये त्या गेल्या, तेव्हा सगळीकडे त्यांच्या गाण्याबद्दल छापून आलं. त्यांच्या 'स्वरमयी'ची आठवण मात्र थोड्यांनीच काढली. बायका पिढ्यान् पिढ्या गायल्या, पण त्यांच्या गाण्यावर लिहिलं ते बहुतेक पुरुषांनी. इथे गाणारीच आपल्या गाण्याचा विचार मांडते. हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि ज्यांनी कधी लेखणीच धरली नाही, त्यांचं काय? गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि त्यांच्याबरोबर ओव्याही थांबल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेर, भाऊ, विठ्ठल, बाबासाहेब, सगळं त्यांत आहे. 'परी' ही संस्था २०१७ पासून त्या लोकांपुढे आणते आहे. मोबाइलवर मराठीत वाचता येतात, कितीतरी ओव्या ऐकताही येतात. आणि बरं का, गाणारीचं नाव आणि गावही तिथे दिलेलं असतं!

आता काम आपलं. वाचनालयात जे पुस्तक वर्षानुवर्षं कुणी मागत नाही, ते आधी मागच्या कपाटात जातं आणि मग रद्दीत. तेव्हा पुढच्या खेपेला गेलात की यातलं एक तरी नाव घेऊन विचारा. नसेल तर मागणी नोंदवा. चौघींनी मागितलं की ग्रंथपालांनाही ते आणावंसं वाटतं. भिशीच्या दिवशी त्यातली दोन पानं मोठ्याने वाचा, गप्पा आपोआप रंगतील.

आणि घरात सासूबाई, आत्याबाई, शेजारच्या काकू एखादी ओवी, एखादं डोहाळगीत म्हणत असतील, तर आजच वहीत उतरवून घ्या. खाली त्यांचं नाव आणि गाव लिहायला मात्र विसरू नका हं!