समासातली खरड

२०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात तालमूदचा एक संच तब्बल ९३ लाख डॉलरला विकला गेला. तालमूद म्हणजे ज्यूंच्या धर्मशास्त्रावरच्या वादचर्चांचा अवाढव्य ग्रंथ. हा संच सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये डॅनियल बॉम्बर्गने छापलेला, पुढे अनेक वर्षं लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पडून राहिलेला. पानं जवळपास नव्यासारखी, म्हणून तर एवढा भाव! पण खरं सांगू? नव्यासारखी पानं म्हणजे तो फारसा कुणी वाचलाच नाही.

मला विचाराल तर भाव मळक्या, खरडलेल्या प्रतीला हवा. पुस्तकात लिहिलं म्हणून घरी ओरडा खाल्लेल्यांनी हे नीट ऐकावं. तालमूदचं पानच मुळी खरडीतून घडलंय. मधोमध मूळ मजकूर, एका बाजूला अकराव्या शतकातल्या राशीचं भाष्य आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या नातवांनी व नंतरच्या पंडितांनी काढलेल्या शंका. आजोबांशी नातू वाद घालतोय, तोही त्याच पानावर!

हे झालं छापलेलं. उरलेल्या कोऱ्या समासात राब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, शाईने लिहायचे. क्राकोचे योएल सिरकिस (मृत्यू १६४०) आणि विल्नाचे गाओन एलिया (१७२०-१७९७) यांनी आपापल्या प्रतींत मजकुराच्या चुका दुरुस्त केल्या. अकिवा आयगर तर प्रश्न लिहायचे आणि उत्तर सापडलं नाही, तर ‘याचा विचार व्हायला हवा’ अशा अर्थाचे दोन शब्द टाकून पुढे जायचे. एवढा मोठा पंडित, आणि अडलंय हे शाईने लिहून ठेवतो! या नोंदी पुढे छापल्या गेल्या, १८८०च्या दशकातल्या विल्ना आवृत्तीत त्याच पानावर जाऊन बसल्या. तालमूद शिकणारी पोरं आजही तीच पानं उघडतात.

मग न छापलेल्या नोंदींचं काय? नवी बांधणी करताना बाइंडर कडा कापतो, की शाईची ओळ अर्ध्यावर तुटते. लिलावात गेलेली प्रत कुणाच्या तरी तिजोरीत बंद होते. मालकी ज्याची त्याची असू दे, पण विकण्याआधी समासांचे फोटो सगळ्यांसाठी खुले करा, एवढी अट घालायला काय हरकत आहे? निनावी वाचकांसाठी तर ती हवीच. गाओनच्या नोंदी छापायला शिष्य होते. खेड्यातल्या एखाद्या मास्तराची नोंद मात्र त्या एकाच प्रतीत असते.