स्कर्टिंग बदलण्याची घाई नको

घराची दुरुस्ती काढली की सगळ्यांचे लक्ष फरशीकडे, रंगाकडे आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याकडे असते. भिंतीच्या पायथ्याशी लावलेली चार इंचांची पट्टी, म्हणजेच स्कर्टिंग, कुणाच्या खिजगणतीत नसते. शेवटच्या दोन दिवसांत गवंडी ते काम उरकतो आणि घरची माणसेही ‘होऊ दे एकदाचे’ म्हणून मोकळी होतात.

एका घरी नणंदेच्या लग्नाआधी असेच झाले. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीचे स्कर्टिंग दोन-तीन ठिकाणी सुटले होते. सूनबाईंनी त्या भिंतीला नव्या व्हिट्रिफाइड टाइल्सची पट्टी लावायचे ठरवले. सासूबाई म्हणाल्या, “अगं, आधी ते कपाट सरकवून बघ. खालच्या कप्प्यातल्या चादरींना कुबट वास येतोय.”

“आई, लग्न होऊन जाऊ दे, मग बघू,” असे म्हणून ते राहून गेले.

पुढच्या पावसाळ्यात नव्या पट्टीच्या वर वीतभर रंग फुगला, पापुद्रे सुटले, खाली पांढरी भुकटी पडू लागली. भिंतीला लोणा लागला होता. टाइल्सचा यात काही दोष नव्हता. न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपच्या सांध्यातून पाणी झिरपत होते. पूर्वी ते सुटलेल्या पट्टीच्या फटींतून थोडेफार वाळून जात असे. आता ती वाट बंद झाली आणि ओल वर चढली.

आधी कारण शोधा

स्कर्टिंग असते ते पोछ्याचे पाणी, केरसुणी आणि खुर्च्या-टेबलांचे धक्के भिंतीला लागू नयेत म्हणून. आतून येणारी ओल ते थांबवू शकत नाही. त्यामुळे पट्टी का सुटली हे आधी पाहावे. नाण्याने हलकेच ठोकून पाहिले तर पोकळ आवाजावरून सुटलेले तुकडे लगेच कळतात. ओलीची शंका असेल तर वीतभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर पक्का बसवावा आणि दिवसभर तसाच ठेवावा. कागदाच्या भिंतीकडील बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतूनच येते आहे असे समजावे. मग आधी प्लंबर, नंतर गवंडी. गवंडी हे आपणहून सांगेलच असे नाही. त्याची मजुरी स्कर्टिंगच्या फुटावर ठरते, गळती शोधण्याचे त्याला कोण पैसे देणार?

ओल नसेल तर सगळे स्कर्टिंग उखडण्याचे कारणही नाही. फक्त पोकळ तुकडे काढावेत. आधी कटरने सांधे मोकळे करून मग वरच्या कडेने पातळ छिन्नी चालवावी, नाहीतर तुकड्याबरोबर हातभर प्लास्टर खाली येते. जवळ विजेचे बटण किंवा प्लग असेल तर मेन स्विच बंद करूनच हातोडा उचलावा, कारण वायरिंगचे पाइप भिंतीतूनच गेलेले असतात.

जुन्या मोझॅकचा रंग आता जुळणे कठीण. त्यावर सोपी युक्ती म्हणजे पलंगामागचे किंवा कपाटामागचे चांगले तुकडे जपून काढून दर्शनी भागात बसवायचे आणि नवे तुकडे त्यांच्या जागी, आडोशाला लावायचे.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या पाण्यावर ती नीट धरत नाही. तिच्यासाठी टाइल चिकटवण्याचा खास मसाला मिळतो, तोच वापरावा. पट्टी प्लास्टरच्या पुढे आली तर वरच्या कडेवर रोज धूळ बसणार आणि ती पुसण्याचे काम कुणाकडे येते हे सांगायला नकोच! भिंतीच्या सपाटीला पट्टी हवी असेल तर गवंड्याला आधीच सांगावे, कारण त्यासाठी प्लास्टर कापावे लागते. जुन्या फरशीवरच नवी फरशी घालणार असाल तर जुने स्कर्टिंग तेवढे खाली बुडते आणि दारेही खालून तासावी लागतात, हा खर्च आधीच धरावा.

लाकडी पट्टी दिसते सुरेख, पण पोछ्याच्या घरात ती खालून फुगते आणि वाळवीलाही आमंत्रण असते. हौस असेलच तर ती कोरड्या खोलीपुरती ठेवावी.

त्या घरी दुसऱ्यांदा काम निघाले तेव्हा आधी ट्रॅपचा सांधा दुरुस्त झाला. नवी पट्टी उतरवून लोणा लागलेले प्लास्टर विटेपर्यंत खरवडले आणि भिंत महिनाभर उघडी ठेवून वाळू दिली. मग इतर भिंतींसारखीच जुनी मोझॅकची पट्टी लावायचे ठरले, तर तुकडे कुठून आणायचे हा प्रश्न आला. सासूबाईंनी माळ्यावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक गाठोडे काढायला लावले. घर बांधले तेव्हा उरलेले आठ तुकडे त्यांनी जपून ठेवले होते. सहा लागले. उरलेले दोन सूनबाईंनी स्वतःच पुन्हा कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले.