सरस्वती पर्वतावरील दुवा स्वदेशीच हवा

लडाखमधील हानले येथे, सरस्वती पर्वतावर, सुमारे ४५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलशास्त्रीय वेधशाळा उभी आहे. तेथील दोन मीटर व्यासाची 'हिमालयीन चंद्र' दुर्बीण चालविणारे शास्त्रज्ञ मात्र दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर, बंगळुरूजवळील होसकोटे येथे बसतात. त्यांची आज्ञा उपग्रहामार्फत पर्वतावर पोहोचते आणि ताऱ्यांची छायाचित्रे त्याच मार्गाने परत येतात. विरळ हवा आणि हाडे गोठविणारी थंडी यांवर भारतीय वैज्ञानिकांनी २००१ पासून शोधलेला हा उपाय अभिमानास्पद आहे.

आता हानलेचा व्याप वाढला आहे. २०१८ मध्ये तेथे 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या २१ मीटर व्यासाच्या 'मेस' दुर्बिणीचे उद्घाटन झाले. माहितीचा ओघ वाढला की बिनतारी दुवाही रुंदावावा लागतो. प्रश्न एवढाच की, तो कोणाच्या हाती असावा?

परदेशी कंपन्यांचे, पृथ्वीनजीक फिरणारे उपग्रह वेगवान सेवा देतात, हे नाकारण्याचे कारण नाही. ३६ हजार किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहातून आज्ञा जाऊन उत्तर येण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो. परंतु एकेका छायाचित्रासाठी कित्येक मिनिटे आकाशाकडे टक लावणाऱ्या दुर्बिणीला अर्ध्या सेकंदाचे काय ओझे? तेवढ्यासाठी सीमेलगतच्या वेधशाळेची नाडी परक्याच्या हाती देणे शहाणपणाचे नव्हे. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धात सेव्हास्तोपोलपर्यंत स्टारलिंक सुरू करण्याची विनंती आपण मान्य केली नाही, असे त्या कंपनीच्या प्रमुखांनीच पुढील वर्षी सांगितले. सेवा द्यायची की नाही, हे ठरविणारा शेवटी मालकच असतो.

भारताने हा धडा पूर्वीच घेतला आहे. १९९३ मध्ये अमेरिकेच्या दडपणाखाली रशियाने क्रायोजेनिक तंत्रज्ञान देण्यास नकार दिला. महासंगणक नाकारला गेला, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम' साकारला. क्रायोजेनिक इंजिनही येथेच घडले. त्याच स्वदेशी इंजिनाच्या बळावर १४ नोव्हेंबर २०१८ रोजी जीसॅट-२९ अवकाशात गेला. जम्मू-काश्मीर व ईशान्येच्या दुर्गम भागांपर्यंत संपर्क पोहोचविणे हे त्याचे एक प्रमुख उद्दिष्ट होते.

तथापि, केवळ उपग्रह आपला असून भागत नाही. जमिनीवरील अँटेना, मोडेम आणि ते चालविणारी प्रणालीही भारतीय उद्योगाने घडविली पाहिजे. शासनाने अशी मागणी नोंदवून उद्योगांना खात्रीचा ग्राहक द्यावा. दुव्याची वाढीव क्षमता हानलेच्या गावकऱ्यांनाही लाभावी. अंधाऱ्या आकाशाचे रक्षण करणारे हे सीमावासी देशाचे पहिले पहारेकरी आहेत. त्यांच्या मुलांच्या शाळेपर्यंत संपर्क पोहोचला, तर गाव टिकेल आणि गाव टिकले, तर सीमा टिकेल.

स्वदेशी म्हणजे जगाकडे पाठ फिरविणे नव्हे. हानलेतील ज्ञान अवघ्या जगासाठी आहे. मात्र ते जगापर्यंत नेणारा मार्ग आपल्या मालकीचा असावा.