कालव्याच्या पाण्याला पंप कशाला?

घरी गाणी ऐकण्यासाठी चांगली यंत्रणा बाळगणाऱ्या हौशी मंडळींत एक वाद नेहमी रंगतो. आवाज कमीजास्त करणारी पेटी सक्रिय असावी की निष्क्रिय? सक्रिय पेटी म्हणजे नेहमीचा प्रीअँप्लिफायर. त्यातील ट्रान्झिस्टर किंवा आयसी विजेवर चालून संकेताचे विवर्धन करतात. निष्क्रिय पेटीत एक पोटेन्शिओमीटर आणि जोडण्या, एवढेच असते. तिला वीज लागत नाही. ती संकेत कमी करू शकते, वाढवू मात्र शकत नाही. सक्रिय पेटी काढून निष्क्रिय बसवली की आवाज हमखास शुद्ध होतो, असे काहीजण छातीठोकपणे सांगतात. इतरांना त्यामुळे गाण्यातला जोर गेल्यासारखा वाटतो. माझ्या मते हा वाद कानांनी सोडवण्याआधी गणिताने सोडवावा. त्याला शाळेत शिकलेला ओहमचा नियम बहुतेक पुरतो.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील मुलांना हे चटकन समजावे. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. तेथले पाणी नदीने संगमनेरजवळच्या ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि पुढे कालव्यांनी श्रीरामपूर, राहुरीकडे उतरते. या पाण्याला मुळातच उंची आहे. शेतकऱ्याने चारीचे दार वरखाली केले की काम भागते. विहिरीचे पाणी मात्र पंपावाचून वर येत नाही.

आता आपल्या यंत्रणेकडे पाहू. ध्वनिवर्धक कर्णे हलवणाऱ्या मुख्य विवर्धकाला पूर्ण शक्तीने चालण्यासाठी साधारण १ व्होल्टचा संकेत लागतो. ध्वनिमुद्रिकेच्या तबकडीवरील चुंबकीय सुई देते जेमतेम ५ मिलिव्होल्ट. म्हणजे संकेत २०० पट वाढवायला हवा. शाळेच्या स्नेहसंमेलनातील मायक्रोफोनचा संकेतही असाच दुबळा असतो. हे झाले विहिरीचे पाणी. येथे सक्रिय विवर्धन हवेच.

१९८२ साली सीडी बाजारात आली. तिचा प्लेअर जास्तीत जास्त २ व्होल्ट देतो. हे झाले कालव्याचे पाणी. पण जुनी सवय सुटली नाही. समजा, सक्रिय पेटी संकेत १० पट वाढवते. मग २ व्होल्टचे २० व्होल्ट होतील आणि हवा आहे १! म्हणून व्हॉल्यूमचे बटण आधी संकेत विसाव्या हिश्शावर आणते आणि पुढचा टप्पा त्याला पुन्हा १० पट करतो. आधी टाकून द्यायचे, मग पुन्हा वाढवायचे! शिवाय तो टप्पा स्वतःची थोडी खरखर मिसळतो ती वेगळीच. अशा ठिकाणी निष्क्रिय पेटी हे शहाणपण आहे.

पण येथेच थांबणारा अर्धेच विज्ञान सांगतो. कालवा आणि संकेत यांचे साम्य येथे संपते. पोटेन्शिओमीटर हा विभवाची वाटणी करणारा रोध आहे आणि पुढे जोडलेल्या उपकरणाचा रोध ही वाटणी बदलतो. १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर मध्यावर असताना पुढच्या उपकरणाला २.५ किलोओहमच्या उगमासारखा दिसतो. १०० किलोओहमचा असेल तर २५ किलोओहमच्या. मग तारेची धारिता आड येते. ध्वनिसंकेताच्या तारेची धारिता दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धरली, तर १० मीटर तारेची १००० होते. २५ किलोओहमबरोबर ती सुमारे ६,४०० हर्ट्झच्या वरचे स्वर दाबू लागते. झांजेची किणकिण बोथट होते. २.५ किलोओहमबरोबर हीच मर्यादा ६४,००० हर्ट्झवर जाते, म्हणजे मानवी कानाच्या कक्षेच्या पलीकडे. ‘जोर गेला’ म्हणणारे वेडे नसतात. त्यांची तार लांब असते किंवा रोध चुकलेला असतो. एखाद्या मोबाइलचा संकेत जर अर्धा व्होल्टच असेल, तर १ व्होल्ट मागणारा विवर्धक पाव शक्तीवरच थांबेल. निष्क्रिय पेटी तेथे काही करू शकत नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे की हा प्रयोग त्यांनी वर्गात करून घ्यावा. ९ व्होल्टची बॅटरी १० किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरच्या दोन टोकांना जोडा. बॅटरीचे ऋण टोक आणि पोटेन्शिओमीटरचे मधले टोक यांच्यात मल्टिमीटर लावून ४.५ व्होल्ट येतील असे बटण फिरवा. आता त्याच दोन बिंदूंत १० किलोओहमचा रोध जोडा. मल्टिमीटर सुमारे ३.६ व्होल्ट दाखवील. पोटेन्शिओमीटर १०० किलोओहमचा घेऊन तेच करा, जेमतेम १.३ व्होल्ट उरतील. असे का झाले, हे विद्यार्थ्यांनी कागदावर सोडवावे. प्रयोगात घरची वीज वापरायची नाही आणि चालू विवर्धकाची पेटी उघडायची नाही.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, यंत्रणेतून काही काढण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. उगमाचा संकेत किती व्होल्टचा आहे? पुढच्या उपकरणाचा रोध किती? तार किती लांब? संकेत १-२ व्होल्टचा, पुढचा रोध पोटेन्शिओमीटरच्या निदान चार-पाच पट आणि तार मीटरभर असेल, तर सक्रिय पेटी खुशाल बाजूला ठेवा. यांतले एकही जमत नसेल, तर ती आहे तेथेच राहू द्या. ‘कमी भाग म्हणजे चांगला आवाज’ हे घोषवाक्य झाले. विज्ञान मोजून ठरवते.