तंजावरच्या उकाड्यात इंजिनात बर्फ!

मार्गळीचा महिना लागला की तंजावरमध्ये भल्या पहाटे दारोदारी कोलम उमटू लागतात. मार्गळी म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा काळ. कावेरीच्या कालव्यांवर, भाताच्या शेतांवर धुके तरंगत असते. हवा दमट, अंगाला चिकटणारी. तरीही पारा वीस-बावीस अंशांच्या खाली फारसा उतरत नाही. या गावात एखाद्या लहान मुलाला बर्फ दाखवायचा तर सरबताच्या गाडीकडेच न्यावे लागेल.

आणि नेमक्या अशाच हवेत, हजार-दोन हजार फुटांवर उडणाऱ्या छोट्या विमानाच्या इंजिनात बर्फ साचू शकतो! इतका, की इंजिन गुदमरून बंद पडावे.

तंजावरची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. २० जानेवारी २०२० रोजी हवाई दलाची सुखोई-३० विमानांची तुकडी तेथे दाखल झाली. त्या जेट विमानांना कार्बोरेटरच नसतो, त्यामुळे त्यांना या बर्फाची धास्तीही नाही. ही गोष्ट आहे फ्लाइंग क्लबांतल्या दोन-चार आसनी विमानांची. उदाहरणार्थ, ‘सेस्ना १५२’. तिचे इंजिन चार सिलिंडरचे, हवेने थंड होणारे, ११० अश्वशक्तीचे. आपल्या ओळखीच्या मोटारगाडीच्या इंजिनाचेच हे भावंड. फरक एवढाच, की मोटार बिघडली तर ती कडेला घेता येते. आकाशात कडेला जागा नसते.

बर्फ येतो कुठून?

इंजेक्शनपूर्वी नर्स दंडावर स्पिरिट लावते तेव्हा तेवढा भाग गार पडतो, कारण उडून जाणारे स्पिरिट उष्णता ओढून नेते. कार्बोरेटरच्या अरुंद नळीत पेट्रोलची वाफ होते तेव्हा हेच घडते. शिवाय नळी अरुंद असल्याने हवेचा दाब उतरतो आणि ती आणखी गार होते. दोन्ही मिळून तापमान तीस अंशांनीसुद्धा खाली येऊ शकते. बाहेर बावीस अंश असतील तर आत शून्याखाली! दमट हवेतले बाष्प तिथेच गोठते आणि हवेची वाट बंद करू लागते. बाहेर २१ अंशांहून कमी तापमान आणि ८० टक्क्यांहून जास्त आर्द्रता असेल तर हा धोका सर्वांत मोठा. पण ३८ अंशांच्या उन्हाळ्यातही, हवा दमट असेल, तर तो पूर्ण टळत नाही.

इंजिन मात्र दगा देण्यापूर्वी सांगत असते. पंख्याचे मिनिटाला होणारे फेरे हळूहळू कमी होतात. नवशिका वैमानिक नकळत थ्रॉटल थोडा पुढे सारतो, फेरे पूर्ववत होतात आणि तो निश्चिंत होतो. खरे तर इंजिनाने दिलेला पहिला इशारा त्याने स्वतःच्या हाताने झाकलेला असतो.

उपाय आहे ‘कार्बोरेटर हीट’ची खुंटी. ती ओढली की एक्झॉस्टजवळ तापलेली हवा कार्बोरेटरमध्ये शिरते. पण इथेच खरी परीक्षा असते. बर्फ वितळून पाणी इंजिनात जाऊ लागले की फेरे आणखी उतरतात, इंजिन खोकल्यासारखे धडधडते. घाबरलेल्या माणसाला वाटते, आपण भलतेच काही केले! तो खुंटी पुन्हा आत ढकलतो आणि बर्फाला मोकळे रान मिळते. औषध लागू पडण्यापूर्वीचा त्रास सोसावा, तसे ते काही क्षण धीर धरून काढायचे असतात. बर्फ गेला की फेरे आपोआप चढतात.

दोन मॅग्नेटो, आठ प्लग

विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. त्यांना ठिणगी देणारे मॅग्नेटोही दोन, एकमेकांपासून स्वतंत्र. एक थकला तरी दुसऱ्यावर घर गाठता यावे, हा हेतू. उड्डाणापूर्वी १७०० फेऱ्यांवर इंजिन ठेवून दोन्ही मॅग्नेटो आळीपाळीने तपासतात. एकावर चालवले की फेरे थोडे उतरायचेच. सेस्ना १५२ मध्ये ही घट १२५ फेऱ्यांहून जास्त नसावी आणि दोन्ही मॅग्नेटोंमधला फरक ५० हून जास्त नसावा.

घट जास्त आणि इंजिन थरथरते आहे, तर बहुधा प्लग काळा पडला आहे, त्यावर तेल किंवा शिसे साचले आहे. आणि घट अजिबातच झाली नाही तर? ‘वा, काय झकास इंजिन!’ म्हणून खूश होऊ नये. तो मॅग्नेटो बंदच होत नसल्याची ती खूण असू शकते. अशा विमानाचा पंखा जमिनीवर कुणी सहज हाताने फिरवला तर इंजिन एकदम सुरू होऊन जिवावर बेतू शकते.

प्लगची किंमत काय असते, हे १९३० च्या मे महिन्यात दोन तरुणांना चांगलेच कळले होते. इंग्लंड-हिंदुस्थान प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. जे. आर. डी. टाटा कराचीहून लंडनकडे निघाले होते, तर सतरा वर्षांचे अस्पी इंजिनियर इंग्लंडहून कराचीकडे येत होते. दोघांचीही विमाने ‘जिप्सी मॉथ’. इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पी प्लगअभावी अडकून पडले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. पुढे अस्पी थोड्याच फरकाने आधी पोहोचले आणि बक्षीस त्यांना मिळाले. हेच अस्पी इंजिनियर डिसेंबर १९६० मध्ये हवाई दलाचे प्रमुख झाले. स्पर्धा हरली तरी चालेल, पण आजारी इंजिन घेऊन कुणी उडू नये, हे त्या हवेतले शहाणपण जे. आर. डीं.ना तेव्हाच उमगले होते असे म्हणावे लागेल.

पाण्याचा थेंब आणि रविवारची किक

दमट प्रदेशात आणखी एक शत्रू टाकीतच लपतो. रात्री टाकी अर्धी रिकामी असेल तर आतल्या हवेतले बाष्प थंड होऊन पाणी होते. पाणी जड, ते तळाशी बसते आणि सर्वांत आधी तेच इंजिनाकडे जाते. म्हणून दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी आणि प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्यावर टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल पारदर्शक पेल्यात काढून उजेडात पाहतात. या विमानांचे पेट्रोल निळसर असते. तळाशी पाण्याचा मणी दिसला तर तो दिसेनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचे. पण पेला भरून सगळेच रंगहीन दिसले, तर ‘स्वच्छ आहे’ असे समजू नये. तो अख्खा पेला पाण्याचाच असू शकतो!

घरात उभ्या स्कूटरला दर रविवारी किक मारून पाच मिनिटे चालू ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. विमानाच्या इंजिनाला हा लाड मानवत नाही. एवढ्या वेळात तेल पुरेसे तापत नाही. ज्वलनातून तयार झालेले पाणी वाफ होऊन बाहेर पडण्याऐवजी तेलातच राहते आणि सिलिंडर, कॅमशाफ्ट गंजू लागतात. इंजिनासाठी खरा व्यायाम म्हणजे तेल नीट तापेल इतके उड्डाण. तेवढे जमत नसेल तर ते दीर्घ विश्रांतीसाठी रीतसर तयार करून ठेवावे.

दर शंभर तासांच्या तपासणीत प्रत्येक सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून गळती पाहतात. हवा कुठून सुसकारते, यावरून अनुभवी कान दुखणे ओळखतो. एक्झॉस्टमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, तेलाच्या टाकीच्या तोंडातून आला तर रिंगा. दुरुस्तीचे काम मात्र परवानाधारक इंजिनियरचेच. त्याची सही झाल्याशिवाय विमान उडत नाही.

लिहून ठेवा!

तंजावरच्या मराठी राजांपैकी सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांचे नाव सरस्वती महाल ग्रंथालयामुळे आपल्याला परिचित आहे. वैद्यकाची त्यांना विशेष आवड होती. नेत्ररुग्णांच्या तपशीलवार नोंदी त्यांनी ठेवविल्या, डोळ्यांच्या चित्रांसह. आधी काय दिसत होते, उपचार कोणता केला, नंतर काय झाले, हे लिहून ठेवले म्हणूनच आज दोनशे वर्षांनी ते वाचता येते.

विमानाचे लॉगबुकही अशीच रुग्णाची वही असते. उतरताना इंजिन क्षणभर अडखळले, मग ठीक झाले. शिकाऊ वैमानिकाला वाटते, आता कशाला लिहा? गुरुजी रागावतील, विमान दिवसभर उभे राहील, मित्रांचे तास बुडतील. तो गप्प बसतो. अर्ध्या तासाने त्याच विमानात दुसरा विद्यार्थी बसतो आणि त्याला आधीच्या अडखळण्याची गंधवार्ताही नसते. इंजिनाने आपला इशारा दिलेला असतो, पण तो एका माणसाच्या मनात अडकून पडतो.

म्हणून क्लबात, शाळेत वा घरातही, ‘काहीतरी बिघडलेय’ असे सांगत येणाऱ्याला आधी शाबासकी द्यावी, हिशेब नंतर विचारावा. वहीतली एक ओळ लिहायला मिनिटही लागत नाही. पुढच्या खुर्चीत बसणाऱ्या पोराचा जीव त्या एका ओळीवर असतो.