तुमच्याकडचं वेडंवाकडं नाणं खरंच लाखाचं आहे का?

विचित्र दिसणारं नाणं दाखवून ‘याचे लाखो मिळतील’ असं सांगणारी रील तुम्हीही पाहिली असेल. टांकसाळीत चुका होतात आणि संग्राहक अशा नाण्यांना जादा पैसेही देतात, हे खरं. पण बहुतेकदा आपल्याकडे असतं ते नुसतं खराब झालेलं नाणं.

मग फरक कसा ओळखायचा?

टांकसाळीत धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात आणि दोन साच्यांमध्ये दाबून त्यांवर ठसा उमटवतात. या कामात घडते ती चूक, नंतर होतं ते नुकसान.

• काठाचा चंद्रकोरीएवढा तुकडा नाही? बरोबर समोरची कड पाहा. ती पुसट असेल, तर चकतीच तशी कापली गेली असण्याची शक्यता जास्त.

• आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं, तर पुढच्या नाण्यावर तेच चित्र उलटं आणि खोलगट उमटतं.

• दोन्ही बाजूंना एकच चित्र? दोन नाणी कापून जोडलीत का, सांधा शोधा.

• ओरखडा ठशावरून गेलाय, अक्षरं चेपलीत? ते नुकसानच.

ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि ते घ्यायचा अधिकारही तिनं कुणाला दिलेला नाही. म्हणून नाणं विकण्याआधी कुणी तुमच्याकडेच पैसे मागितले, तर बोलणं तिथेच थांबवा.